पहिल्या आठ ओळी

आयडेला स्टॅम्परची कविता आमच्या सॉरेल फोर्क खोऱ्यात सगळ्यांना पाठ होती. ती अर्धीच आहे हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. आणि जिला ते पटायला हवे होते तिला ते कधीच पटले नाही, असे आयडेला धरून चालली होती. ती म्हणजे ओमा, तिच्या धाकट्या भावाची विधवा.

आधी घटना सांगतो. १९३२ च्या नोव्हेंबरात आमच्या खोऱ्यातल्या चार नंबरच्या कोळसा खाणीत आग लागली. पाळीतले बरेचसे लोक बाहेर आले, एकोणीस जण आले नाहीत. आगीला हवा मिळू नये म्हणून कंपनीने दुसऱ्या दिवशी खाणीचे तोंड सिमेंटने बंद केले. आत कोणी जिवंत नाही, असे व्यवस्थापकाने जमलेल्या बायकांना सांगितले. आतून रुळावर ठोकल्याचा आवाज येतोय, असे बायका म्हणत होत्या. पुढे चौकशी झाली तेव्हा, तो तापलेला खडक तडकण्याचा आवाज होता, असे कागदावर आले. त्या एकोणिसांत होबर्ट स्टॅम्पर होता. त्याच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते. आयडेला त्याची थोरली बहीण, कंपनीच्या शाळेत शिक्षिका. ती आणि ओमा त्या दिवशी खाणीच्या तोंडाशी एकाच शालीत उभ्या होत्या.

पुढच्या वसंतात आयडेलाने कविता लिहिली आणि आमच्या साप्ताहिकाला, म्हणजे 'सेंटिनल'ला, दिली. तिच्या कविता तिथे आधीही येत. झऱ्यावर, सशांवर, शाळेच्या घंटेवर. या वेळची सोळा ओळींची होती. छापून आल्या त्या आठ.

मी त्या कचेरीत लागलो तो पुष्कळ वर्षांनी. मालक आणि संपादक लायमन फ्यूगेट तेव्हा म्हातारा झाला होता, पण अंक लावताना अजून स्वतः उभा राही. एकदा त्याला सरळच विचारले.

"तुम्ही ती मुद्दाम कापलीत का?"

"मुद्दाम? अरे डॉयल, मी ती वाचलीच नव्हती. कविता कोण वाचतं? जागा भरायला असते ती."

"मग बरोबर आठव्या ओळीवर कशी थांबली?"

"बटाट्याच्या बियाण्याची जाहिरात आली ना कंपनीच्या दुकानाची, ऐन वेळी. दोन बोटं मोठी. जुळाऱ्याला म्हटलं, खालून काढ. पहिल्याच दिवशी तुला काय शिकवलं मी? जागा कमी पडली तर खालून कापायचं. महत्त्वाचं असतं ते वर असतं."

"कवितेत तसं नसतं."

"मग तिने तसं लिहायला पाहिजे होतं," लायमन म्हणाला आणि चष्मा पुसू लागला.

तो खोटे बोलत नव्हता. आमच्या धंद्यात खालून कापलेल्या मजकुराची कोणी आठवण ठेवत नाही. जुळाऱ्याने उरलेल्या ओळींचे अक्षरखिळे पेटीत परत टाकले, हाताने लिहिलेला कागद शेगडीत गेला.

छापून आलेला भाग असा होता:

डोंगरा, तू आम्हाला ऊब दिलीस,
चुलीत विस्तव दिलास, खिडकीत दिवा.
तुझ्या पोटात उतरलेला माणूस
संध्याकाळी काळे हात घेऊन वर आला
आणि त्याच हातांनी त्याने भाकर मोडली.
तुझं देणं आमच्या हाडांत आहे.
तू हाक मारलीस की आम्ही येऊ,
तुझ्या पोटात आम्ही सुखरूप आहोत.

आगीनंतर सहा महिन्यांनी, एकोणीस माणसे आत असताना, खोऱ्याने हे वाचले. आयडेला दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीत गेली. लायमनने माफी मागितली आणि पुढच्या अंकात उरलेल्या ओळी देण्याचे कबूलही केले. पण मधल्या आठवड्यात व्यवस्थापकाने स्वतः येऊन कवितेची स्तुती केली आणि शंभर जादा प्रती मागवल्या. लायमनने आयडेलाला बोलावून घेतले. "मिस आयडेला, लोकांना आवडलीय. आता तिला शेपूट कशाला लावायचं?" तिने हुज्जत घातली, तेव्हा तो म्हणाला, "तुमचा पगार कोण देतं, माझी जाहिरात कोण देतं? एकच माणूस ना? मग दोघंही जरा बसून विचार करू."

तिने विचार केला. घरात अंथरुणाला खिळलेली आई होती आणि घर कंपनीचे होते.

त्यानंतर गोष्ट तिच्या हातात राहिली नाही. कंपनीने त्या आठ ओळी दुकानाच्या दिनदर्शिकेवर छापल्या. राज्याच्या शालेय पुस्तकात त्या गेल्या. दोन वर्षांनी कंपनीने खाणीखालच्या सपाटीवर एक दगड उभा केला, वर एकोणीस नावे, खाली आठ ओळी. त्यासाठी तिची परवानगी मागितली होती. तिने दिली. दगडावर जागा आहे, उरलेल्या ओळी मागाहून कोरून घेता येतील, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

दगड उभा राहिला त्या दिवशी ओमा तो पाहायला आली. आयडेला तिच्याजवळ गेली.

"ओमा, ही सगळी नाही. पुढे आहे. तुला म्हणून दाखवते."

ओमाने ते तिथेच, उभ्याने, ऐकून घेतले. मग म्हणाली, "एवढी मोठी धोंड बसवलीस माझ्या नवऱ्याच्या उरावर. आता आणखी काय सांगतेस?" आणि निघून गेली. त्यानंतर ती आयडेलाशी बोलली नाही. आमच्याकडे एकाच चर्चमध्ये, एकाच बाजूच्या बाकांवर बसून पंचवीस वर्षे न बोलणे अवघड नाही. बरीच माणसे तसे करतात.

आयडेलाने पुढे पुष्कळ लिहिले. मी ते सगळे वाचले आहे, आणि माझ्या मते तिची चांगली कविता ती नव्हेच. मेलेल्या नवऱ्याची विजार गोधडीत शिवणाऱ्या बाईवर तिची एक कविता आहे, ती मी चार वेळा छापली. एकानेही विषय काढला नाही. तिचे दोन संग्रह निघाले. खोऱ्यात ते विकले गेले नाहीत, फुकट वाटले तेव्हा लोकांनी आभार मानून कपाटावर ठेवले. राज्याने तिला राज्यकवी केले, त्या समारंभात गव्हर्नरने त्या आठ ओळी चुकवून म्हटल्या आणि ती हसून उभी राहिली. शहरातल्या विद्यापीठातून दोन प्राध्यापक एकदा ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आले.

"मिस आयडेला, जरा तुमच्या डोंगरी बोलीत म्हणाल का?"

"ही माझीच बोली आहे."

"हो, पण आणखी जरा... जुनी?"

"म्हणजे दात काढून ठेवू?" ती म्हणाली. त्यांनी तेही मुद्रित करून नेले.

दुकानात, पोस्टात, सगळीकडे ती 'आपली मिस आयडेला' होती. तिला पाहिले की कोणीतरी हटकून म्हणे, "तू हाक मारलीस की आम्ही येऊ!" आणि तिने मान डोलवायची. एकदा लाँड्रीतल्या पॉलिनने तिला विचारले, "अशी आणखी एखादी का नाही लिहीत तुम्ही? छोटी, गोड?" आयडेला म्हणाली, "एकच गोड होतं पोटात, ते निघालं." पॉलिन दिवसभर सगळ्यांना सांगत होती की बाई फार गमतीशीर आहेत.

१९५४ मध्ये कंपनीने उरलेल्या खाणी बंद केल्या आणि गाशा गुंडाळला. घरे ज्यांच्या ताब्यात होती त्यांना विकून टाकली. आयडेलाची आई त्याआधीच गेली होती.

त्यानंतर पाच वर्षांनी, मे महिन्यात, आयडेलाने मला घरी बोलावले. ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. मला एक टोपली दिली.

"हात चालू दे. या वर्षी थडग्यांच्या दिवशी मी कविता म्हणणार आहे. सगळी."

आमच्याकडे मे अखेरच्या रविवारी थडगी साफ करून फुले वाहतात, मग तिथेच जेवणावळ होते. चार नंबरच्या माणसांना थडगी नाहीत, म्हणून त्यांची माणसे दगडाजवळ जमतात. ओमा मात्र दगडाकडे येत नाही. ती वर, खाणीच्या बंद तोंडाच्या सिमेंटच्या भिंतीला फुले ठेवते आणि जाते.

"लोक ऐकतील?" मी विचारले.

"ऐकणार नाहीत, म्हणतील. मी ओळ देणार आहे."

हे जरा सांगायला हवे. आमच्या चर्चमध्ये गाण्याची पुस्तके नसतात. एक वडीलधारा माणूस एक ओळ झटपट म्हणतो, त्याला ओळ देणे म्हणतात, आणि मग सगळे ती ओळ लांबवून परत म्हणतात. दिलेली ओळ कोणी खाली पडू देत नाही. माहीत असो नसो, मान्य असो नसो, तोंड उघडायचे. पाळण्यात असल्यापासून कानांवर पडलेली सवय आहे.

"मी वाचून दाखवली तर ती माझी कविता," आयडेला म्हणाली. "त्यांच्या तोंडून वदवली तर त्यांची. दोनशे माणसं म्हणतील, तर वर भिंतीपाशी ओमाला ऐकू जाईल की नाही?"

"जाईल."

"तू मधे चढावर उभा राहा. तिच्याकडे लक्ष ठेव. छापायचं तर छाप, नाहीतर नको. तिने ऐकलं का, एवढंच मला सांग."

"समजा ऐकलं. मग?"

"मग ती मला काहीतरी बोलेल," आयडेला म्हणाली. "शिवी दिली तरी चालेल."

मी तिला एक अडचण सांगितली. तिच्या हातात मूळ कागद नाही. पुढच्या ओळी तिने मागाहून जोडल्या असे कोणीही म्हणेल. ती म्हणाली, "नवव्या ओळीशिवाय आठवी पुरीच होत नाही. कान असलेल्याला कळेल."

त्या रविवारी हवा चांगली होती. लाकडी फळ्यांची लांब टेबले मांडली होती, त्यांवर घेवड्याची उसळ, मक्याचा पाव, कोंबडी, वाळवलेल्या सफरचंदांचे थर दिलेले केक. दगडाला रंगीत कागदाची फुले बांधली होती. आयडेलाने सांगितल्याप्रमाणे मी चढावर उभा राहिलो. वर ओमा आधीच आली होती. भिंतीवरची वेल उपटत होती, पाठ आमच्याकडे.

ब्रदर ईनोस टॉलिव्हर, चर्चमधले सर्वांत जुने वडीलधारे, प्रार्थना करून बाजूला झाले. आयडेला पुढे आली. तिने काळा पोशाख घातला होता. कागद नव्हता. तिने पहिली ओळ दिली, आणि काय चालले आहे हे लोकांना लगेच कळले. त्यांना ते फार आवडले. आजवर मुलांनी शाळेत घोकलेली कविता चर्चसारखी म्हणायची, ही कल्पना कोणाला सुचली नव्हती. दोनशे गळ्यांनी ती ओळ उचलली आणि खेचून लांबवली. पुढची दिली, उचलली. म्हाताऱ्या बायका डोळे पुसू लागल्या. आठवी ओळ आली. "तुझ्या पोटात आम्ही सुखरूप आहोत." तो आवाज डोंगराला लागून परत आला. वर ओमाचा हात थांबला, पण ती वळली नाही.

आयडेलाने श्वास घेतला आणि नववी ओळ दिली.

"असं आम्ही म्हणत होतो, त्या दिवसापर्यंत."

कोणीच ती उचलली नाही. लोकांना वाटले होते की संपले. काहींनी टाळ्यांसाठी हात वर केले होते, ते तसेच राहिले. आयडेलाने तीच ओळ पुन्हा दिली, जरा मोठ्याने. दोन-चार गळ्यांतून अर्धे शब्द निघाले आणि विरले. ती थांबली नाही. दहावी दिली.

"वर उभ्या असलेल्यांनी भोक बुजवलं."

मग अकरावी. "आतून ठोकल्याचा आवाज येत होता."

माझ्याखाली उभी असलेली पॉलिन शेजारणीला म्हणाली, "अगं बाई! विसरल्या गं त्या."

"वय झालं."

"स्वतःची कविता विसरल्या. काय हे."

आयडेला बारावी ओळ देत होती. "त्यांनी सिमेंट कालवलं." तिचा आवाज चिरकला. आता लोक तिच्याकडे पाहत नव्हते. आमच्याकडे ओळ देणारा अडखळला किंवा भरकटला तर त्याच्या तोंडाकडे पाहत नाहीत, ते वाईट दिसते. त्याच्या शेजारचा माणूस हलकेच पुढे होतो आणि पहिल्यापासून ओळ देतो, म्हणजे झाकून जाते. ब्रदर ईनोस हलकेच पुढे झाले. त्यांनी आयडेलाच्या कोपराखाली हात दिला आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "डोंगरा, तू आम्हाला ऊब दिलीस."

दोनशे माणसांनी ती ओळ अशी झेलली की झाडांवरचे कावळे उडाले. त्या म्हणण्यात प्रेम होते. मी इतक्या वर्षांत पुष्कळ सभा पाहिल्या, पण एखाद्या माणसाला सांभाळून घेण्यासाठी एवढ्या लोकांनी एवढा जीव ओतलेला पाहिला नाही. त्या आवाजाखाली आयडेला अजून तोंड हलवत होती. मी चढाच्या पायथ्याकडे सरकलो होतो, म्हणून तिच्या ओळी मला ऐकू आल्या. "आवाज येत होता, त्यांनी थापी फिरवली. आवाज थांबला तेव्हा साहेबाने टोपी काढली." शेवटच्या दोन होबर्टला उद्देशून होत्या, त्या मला ऐकू आल्या नाहीत.

कविता दुसऱ्यांदा आठव्या ओळीशी संपली आणि टाळ्या झाल्या. आयडेलाने ब्रदर ईनोसचा हात सोडवला आणि ती चढ चढू लागली. मी हात दिला तो तिने घेतला नाही. मी तिच्या मागोमाग गेलो.

ओमा आता वळून उभी होती. तिच्या हातात परड्यातल्या फुलांची जुडी होती, दोऱ्याने बांधलेली. आयडेला तिच्यासमोर जाऊन धापा टाकत उभी राहिली.

"ऐकलंस?"

"बहिरी नाही झाले अजून."

"तेव्हाही हेच होतं, ओमा. शब्द न् शब्द. त्या लायमनने खालून..."

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"हेच होतं ते. दगडापाशी म्हणून दाखवलंस ना मला त्या दिवशी? तेव्हाच कळलं. तुला खोटं रचता येत नाही, होबर्ट नेहमी म्हणायचा."

आयडेला एक पाऊल पुढे सरकून भिंतीशी आली. "मग इतकी वर्षं तू..."

"तू लिहिलं नाहीस म्हणून नाही रागावले मी," ओमा म्हणाली. "लिहिलं होतंस, आणि गिळून बसलीस, म्हणून."

"आई होती घरात. घर कंपनीचं होतं."

"माझंही कंपनीचंच होतं. आठवड्यात सामान बाहेर काढलं त्यांनी. घरात खाणीत जाणारा पुरुष नाही म्हणाले. पोटुशी होते मी. तू पडद्याआडून बघत होतीस, दिसलीस मला." ती हे चढ्या आवाजात बोलत नव्हती. दुकानात भाव सांगावा तसे सांगत होती. "आठव्या महिन्यात गेलं ते पोर. त्याच्यावर नाही केलीस कविता."

"ओमा, आज मी सगळ्यांसमोर..."

"आज. आज कोण आहे गं ऐकायला? साहेब फ्लोरिडात जाऊन ऊन खात मेला. कंपनी गेली. तुला घर विकून गेली. आता बोलायला काय लागतं? तोंड लागतं." तिने जुडी दुसऱ्या हातात घेतली. "बाजूला हो. तू भिंतीच्या पुढ्यात उभी आहेस. मला फुलं ठेवायचीत."

आयडेला बाजूला झाली. ओमाने फुले ठेवली, भिंतीला क्षणभर तळवा लावला आणि पलीकडच्या पायवाटेने उतरून गेली.

मला वाटले होते की आयडेला घरी जाईल. ती खाली टेबलांपाशी आली. बायकांनी तिला सावलीत बसवले, कोणी ओला रुमाल कपाळावर ठेवला, पॉलिनने ताटात उसळ वाढून आणली. "उन्हाने होतं हो असं. माझ्या सासूबाई तर प्रभूची प्रार्थना विसरल्या होत्या एकदा, पाद्रींच्या समोर." आयडेलाने दोन घास खाल्ले. ब्रदर ईनोस खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"सिस्टर आयडेला, मनाला लावून घेऊ नका. बरं वाटतंय का आता?"

"हो."

"मग एकदा म्हणता का, नीट? लोक हळहळतायत हो. असं तोंड कडू होऊन घरी जायला नको त्यांनी. सावकाश म्हणा, मी शेजारी आहे."

तिने चढाकडे पाहिले. पायवाटेवर कोणी नव्हते. मग तिने ताट खाली ठेवले, रुमाल घडी करून पॉलिनला परत दिला, आणि उठून दगडाजवळ गेली. आठ ओळी म्हटल्या. एकही शब्द चुकला नाही. आठवीनंतर तिने तोंड मिटले आणि मान लववली, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले.